गंजाडच्या वाटेवरची सायकल

डहाणूला बिऱ्हाड असलं आणि घरी पाहुणे आले की तीन गोष्टी ठरलेल्या असतात. समुद्र, चिकू आणि गंजाड. समुद्रावर एक संध्याकाळ जाते, चिकूची पेटी परतीच्या गाडीत चढते आणि मधल्या एखाद्या दिवशी “वारली चित्रं जिथली तो गाव दाखवा ना,” अशी फर्माईश होते. यंदा दिवाळीत पुण्याहून आमच्या वन्सं आल्या होत्या. त्यांनीही तीच केली.

मी लगेच हो म्हटलं, कारण माझंही गंजाडला एक काम होतं. जूनमध्ये आमच्या घरची एक सायकल गंजाडला गेली होती. ती कशी चालली आहे ते पाहायचं होतं. खरं सांगायचं तर पाहायचं कमी आणि कौतुक करून घ्यायचं जास्त!

त्या सायकलची हकिकत अशी. चिरंजीव सहावीत असताना हट्ट करून बसले, “गिअरचीच सायकल हवी.” घेतली. जाड टायर, पुढच्या चाकाला स्प्रिंगा, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि एकवीस गिअर! आता आमचं डहाणू कसं, तर तळहातासारखं सपाट. स्टेशन ते मसोली या रस्त्यावर त्या एकविसांपैकी तीनाहून जास्त गिअर त्यानं कधी वापरले असतील तर शपथ. नववीत गेल्यावर त्याची उंची ताडासारखी वाढली, गुडघे हँडलला लागायला लागले आणि सायकल जिन्याखाली गेली. केर काढताना रोज मला तिची अडगळ व्हायची.

स्टेशनच्या बाजारात माझी एक ठरलेली भाजीवाली आहे, गंजाडच्या एका पाड्यावरची. पावसाच्या तोंडाला शेवळं, मग कंटोळी, कुरडू, उन्हाळ्यात करवंदं असं काही ना काही ती घेऊन बसते. तिची मुलगी यंदा नववीत गेली. पाडा सडकेपासून बराच आत. शाळा गाठायला जाताना तासभर, येताना तासभर चालणं. “पोरगी पुस्तक हातात धरते नि तशीच झोपते, बाई,” असं एकदा ती म्हणाली आणि मला जिन्याखालची सायकल आठवली. दुसऱ्याच दिवशी ती एका टेम्पोत चढली. अडगळ गेली, वर पुण्यही लागलं. दोन दिवस मी अगदी तरंगत होते म्हणा ना.

तेव्हापासून भाजीवाली माझ्या पिशवीत एक जुडी जास्तीची घालू लागली. पैसे द्यायला गेलं की, “ऱ्हाऊ द्या, बाई.” मला वाटायचं, प्रेमानं देते.

तर वन्सं, मी आणि चिरंजीव असे तिघं सकाळच्या जव्हारकडे जाणाऱ्या एसटीत बसलो. स्टेशनची गर्दी मागे पडली की चिकूच्या वाड्या लागतात. आशागड मागे पडलं की त्या विरळ होत जातात आणि रस्ता खऱ्या अर्थानं आदिवासी मुलुखात शिरतो. भात कापून झालेलं, खाचरांत नुसते खुंट उरलेले. बांधाबांधावर ताडाची झाडं. वाटेत एकही मोठं धुराडं दिसत नाही, याचं वन्संना नवल वाटलं. १९९१ साली केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणाच्या दृष्टीनं नाजूक ठरवला, तेव्हापासून इथं नव्या कारखान्यांवर कडक बंधनं आहेत. त्यामुळे झाडं राहिली, आणि रोजगारासाठी बाहेर जाणंही राहिलं.

गंजाडला उतरलो. गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीनं बसलेली घरं नव्हेत. विखुरलेले पाडे आणि त्यांना जोडणाऱ्या पायवाटा. जिव्या सोमा म्हसे इथल्याच कळंबीपाड्याचे. वारली चित्रं मुळात बायकांची. लग्नघरात सवाशिणी गेरूनं सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, मध्ये पालघट देवी असते आणि लग्न लावणारी धवलेरीसुद्धा बाईच. जिव्या सोमांनी हा चौक लग्नाच्या भिंतीवरून कागदावर आणि कापडावर आणला. लग्न असो नसो, रोज चित्रं काढली. त्यांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. त्यांची मुलंही चित्रकार झाली आणि आज गावात कितीतरी घरांत हे काम चालतं.

अशाच एका घरात आम्ही ओटीवर बसून चित्रं पाहिली. तारप्याभोवती फेर धरलेली माणसं, भात झोडणारी माणसं आणि एका कोपऱ्यात सायकलवरून चाललेला एक गडी. वन्सं म्हणाल्या, “हे नवीन दिसतंय.” पण मला ते मुळीच उपरं वाटलं नाही. वारल्यांचा माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. सायकल म्हणजे तरी काय? दोन वर्तुळं आणि मध्ये नळ्यांचे दोन त्रिकोण. चित्रकारानं एका दमात काढून टाकली असेल.

त्यानंतर आम्ही भाजीवालीच्या पाड्यावर गेलो. मुलगी अंगणात भांडी घाशीत होती. मला पाहिलं मात्र, ती उठून घरातच पळाली. आई बाहेर आली, तिचाही चेहरा उतरलेला. मी आपली हसत हसत विचारते, “काय गं, आमची सायकल कुठाय?”

सायकल होती. पडवीत, आढ्याला दोरीनं टांगलेली. पाऊस लागू नये म्हणून वर प्लास्टिक घातलेलं आणि चाकं पुसून लखलखीत ठेवलेली. ती दोन महिने बंद होती.

झालं होतं असं. टेम्पोतून येतानाच ती उजव्या अंगावर पडली होती. गिअरच्या सायकलला मागच्या चाकापाशी एक लहानसा लोंबता भाग असतो. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर ढकलायचं काम तो करतो. त्याला डिरेलर म्हणतात. तो जरासा आत वाकला होता. कुणाच्या लक्षात आलं नाही. मुलगी दीड-दोन महिने मजेत शाळेत गेली. ऑगस्टअखेरीस एका चढावर तिनं सगळ्यात हलका गिअर टाकला, डिरेलर चाकाच्या तारांत शिरला, तीन तारा तुटल्या आणि तो स्वतःही मोडला. मुलगी चिखलात पडली, गुडघा फुटला. डहाणूत चौकशी केली तर सुटा भाग मुंबईहून मागवावा लागेल असं कळलं. किंमत ऐकून मायलेकी तशाच परतल्या.

“बाई, पोरीच्या हातनं मोडली तुमची गाडी,” आई म्हणाली. “तुमाला सांगायचं कसं?”

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ती रोजची जास्तीची जुडी! प्रेम कुठलं? दोन महिने ती माझ्या अडगळीची भरपाई करत होती. मैत्रिणींनो, त्या अंगणात मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. पुण्य पदरात पाडून घ्यायला आलेली मी, एका गरीब घरावर कर्ज चढवून बसले होते. आणि मुलगी? ती पुन्हा चालत होती. आठवड्यातून एखादा दिवस शाळा बुडायलाही लागली होती.

वन्सं व्यवहारी. त्या म्हणाल्या, “रडतेस काय? गावात सायकल दुरुस्त करणारं कुणी आहे की नाही?” होतं. सडकेवर, सागाच्या वाशांवर पत्रे टाकलेलं एक दुकान. खिळ्यांना टायर टांगलेले, पाण्याची पंक्चर काढायची घमेली आणि डालड्याच्या जुन्या डब्यांतून छर्रे, कॉटर पिना, ब्रेकचे रबर, फ्रीव्हील असा सगळा संसार. दुकानदार पन्नाशीपुढचे. सगळे त्यांना मामा म्हणत होते, म्हणून आम्हीही म्हटलं.

मामांनी सायकल उलटी करून पाहिली. म्हणाले, “काळ्या सायकलचं काय पण मागा, डब्यात आहे. एका कंपनीचं दुसरीला बसतं. हिचं हिच्या सख्ख्या बहिणीला बसायचं नाही.”

त्या वाक्यात सायकलच्या धंद्याचा अर्धा इतिहास आहे, हे मला नंतर वाचल्यावर कळलं. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे सायकलींचे कारखाने भराभर निघाले. मद्रासजवळ टीआय सायकल्स १९४९ साली, सोनीपतला ॲटलस १९५१ साली, लुधियानात मुंजाळ बंधूंची हीरो १९५६ साली. माझ्या आजोबांची सायकल ‘हिंद’ होती. तिचा कारखाना तर चक्क मुंबईत, वरळीला! या सगळ्यांनी मूळच्या इंग्लिश धर्तीची एकच काळी, दणकट सायकल काढली. लुधियानात घराघरांतल्या लहान कारखान्यांतून तिचे सुटे भाग तयार होऊ लागले, आणि ते देशभर, अगदी गंजाडच्या डालड्याच्या डब्यापर्यंत पोचले. १९८६ साली तर हीरोचं नाव जगातले सर्वांत मोठे सायकल-उत्पादक म्हणून गिनेस बुकात गेलं.

पण सगळ्यांचेच दिवस सारखे नसतात. हिंद डबघाईला आली. १९८० साली कायदा करून सरकारनं ती ताब्यात घेतली, तरी पुढे ती बंदच पडली. ॲटलसनं २०२० सालच्या ३ जूनला आपला साहिबाबादचा कारखाना बंद केला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिन! त्याच वर्षी करोनामुळे बस-लोकल थांबल्या आणि जगभर सायकलींना अशी मागणी आली की दुकानांत माल मिळेना. कारखान्यांनी मग बेसुमार माल काढला. २०२३ पर्यंत लोकांची हौस फिटली होती, आणि परदेशातली मोठमोठी गोदामं न विकलेल्या सायकलींनी भरून गेली. आपल्याकडे २०२५ च्या सप्टेंबरात सायकलींवरचा जीएसटी बारा टक्क्यांवरून पाच टक्क्यांवर आणला गेला. भाव जरा उतरले, बरं झालं. पण मामांचं म्हणणं वेगळंच होतं. “बाई, पोरं आता हप्त्यावर मोटारसायकल घेतात. काळी सायकल दुरुस्तीला येते ती म्हाताऱ्यांची, नायतर शाळेतल्या पोरींची.”

बोलता बोलता त्यांचे हात चालू होते. मोडका डिरेलर त्याच्या पट्टीसकट काढला. गिअर बदलायच्या तारा काढल्या. मागचा सात दातेरी चाकांचा गड्डा पान्यानं निघेना, तेव्हा छिन्नी लावून हातोडीनं सोडवला आणि त्या जागी डब्यातलं साधं एका चाकाचं फ्रीव्हील फिरवून बसवलं. अगदी बेमालूम बसलं, कारण दोन्हींचे आटे सारखेच असतात! जुनी अरुंद चेन काढून काळ्या सायकलची रुंद चेन मापानं तोडून घातली. तीन नव्या तारा ओवल्या, चाक खाचेत मागे ओढून चेन ताणली, घासणारा ब्रेक सरळ केला. आणि हे सगळं त्यांनी एकट्यानं केलं नाही. दाराआड उभ्या मुलीला हाक मारून म्हणाले, “पोरी, धर पाना. सायकल चालवायची तर पाना धरायला शिकायला पाहिजे.” पोरीनं पाना धरला. आमच्या चिरंजीवांनाही बाजूला बसवून हबमध्ये ग्रीस भरायला लावलं.

ग्रीस भरता भरता चिरंजीवांना त्यांच्या आवडीचा विषय सापडला. “मामा, ही डोंगरावरची सायकल आहे ना, ती पण अशीच जुन्या सायकलींतून झालीय.” मग त्यानं सांगितलं ते असं. अमेरिकेत कॅलिफोर्नियात टॅमलपाइस नावाचा डोंगर आहे. १९७० नंतरच्या वर्षांत तिथली काही तरुण मंडळी भंगारातल्या जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन तो डोंगर उतरायची. ब्रेक हबच्या आत. उतारावर तो इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. त्यांच्या शर्यतीचं नावच पडलं ‘रीपॅक’, म्हणजे पुन्हा भरणं! त्यांतल्याच गॅरी फिशर, जो ब्रीझ, टॉम रिची अशा मंडळींनी त्या सायकलींना मोटारसायकलचे ब्रेक-दांडे लावले, गिअर चढवले, पुढे खास सांगाडे बनवले. १९८१ साली ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यातली सायकल दुकानांत आली आणि मग साऱ्या जगाला डोंगरावरच्या सायकलीचं वेड लागलं. गिअर पुरवणारी मुख्य कंपनी जपानची, शिमानो. साकाई हे जुन्या काळी तलवारी आणि सुऱ्यांसाठी नावाजलेलं शहर. तिथं १९२१ साली ती सुरू झाली, आणि तिचा पहिला माल कुठला, तर साधं फ्रीव्हील!

मामांनी हातातलं फ्रीव्हील उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, “म्हणजे ते साध्याची गिअरवाली करत होते. आपण गिअरवालीची साधी केली.”

दीड तासात सायकल उभी राहिली. सामान आणि मजुरी मिळून पाचशेच्या आत. मुलीनं आधी दुकानापुढे एक चक्कर मारली, मग सडकेनं लांब गेली, दिसेनाशी झाली. आई हात डोळ्यांवर धरून बघत राहिली. पाच मिनिटांनी पोरगी परत आली ती हसतच.

एसटीची वाट पाहताना वन्सं म्हणाल्या, “मुलीला सायकल म्हणजे नुसतं वाहन नसतं गं.” खरंच आहे. तमिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ नंतर साक्षरतेच्या मोहिमेत बायकांना सायकल शिकवली, तर लाखभर बायका शिकल्या. लेडीज सायकली पुरल्या नाहीत तेव्हा त्यांनी पुरुषांच्या घेतल्या. कित्येकींना त्याच बऱ्या वाटल्या, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येतं! बिहारमध्ये २००६ पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देऊ लागलं. अभ्यासकांनी पाहिलं तर माध्यमिक शाळेत जाणाऱ्या त्या वयाच्या मुली सुमारे तीस टक्क्यांनी वाढल्या होत्या. आपल्याकडेही मागास तालुक्यांसाठीच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या गरजू मुलींसाठी सायकलीची योजना आहे. पण सायकल दिली म्हणजे काम संपलं असं नाही, हे मी गंजाडला शिकले. तिच्यामागे एक मामा लागतात, आणि त्यांच्या डब्यात बसणारा भाग लागतो.

आता घरच्या मुलांसाठी सायकल घेणाऱ्या मैत्रिणींसाठी मामांकडून शिकलेल्या चार गोष्टी. गाव सपाट असेल तर गिअरच्या मोहात पडू नका. चढ-उतार असेल तर मागचे सहा-सात गिअर पुष्कळ झाले. स्वस्त सायकलीच्या पुढच्या स्प्रिंगांनी आराम थोडा आणि वजन फार वाढतं. दुकानात ‘किती गिअर?’ हे विचारण्याआधी ‘याचा ब्रेक, ट्यूब, डिरेलर इथं मिळतो का?’ हे विचारा. नुसतं ‘सव्वीस इंची’ म्हणून टायर आणू नका. लेडीज सायकलचा सव्वीस इंची टायर आणि जाड चाकाच्या सायकलचा सव्वीस इंची टायर एकमेकांच्या रिमवर बसत नाहीत. टायरच्या बाजूला छापलेले सगळे आकडे लिहून न्या. फ्रॉकसारखी वाढत्या अंगाची सायकल घेऊ नका. दांडीवर उभं राहिल्यावर पाय जमिनीला नीट टेकले पाहिजेत. आठवड्यातून एकदा चेन फडक्यानं पुसून तेलाचे चार थेंब घाला, पण खोबरेल नको, त्यावर धूळ बसून राप चढतो. आणि गिअरची सायकल टेम्पोत घालायची वेळ आली तर डाव्या अंगावर निजवा, गिअरची बाजू वर ठेवून. एवढं एक जूनमध्ये मला माहीत असतं तर!

निघताना मामांनी मोडका डिरेलर माझ्या हातावर ठेवला. “हा घेऊन जा, बाई. इथं कुणाच्या कामाचा नाही.” तो आता आमच्या हत्यारांच्या डब्यात आहे. शेजारणी-पाजारणी जुनी वस्तू कुणाला द्यायची म्हणून विचारायला आल्या की मला तो आठवतो, आणि मी विचारते, “बिघडली तर तिथं दुरुस्त कोण करणार?” जरा फटकळ वाटतं, पण विचारते.

दिवाळीनंतरच्या पहिल्या बाजाराला गेले. भाजीवाली नेहमीच्या जागी बसली होती. “पोरगी जाते का शाळेत?” मी विचारलं. “रोज जाते. चेन उतरली तर आपली आपण चढवते,” ती म्हणाली. मी चवळीच्या दोन जुड्या उचलल्या. तिनं दोन्हींचे पैसे मागितले, मोजून घेतले, कनवटीला लावले. वर एक काडीसुद्धा जास्त घातली नाही.

इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!